सांगलीच्या वहीतली कोयना : एका कौटुंबिक सहलीचा प्रकरण अभ्यास

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, एक दोनशे पानी वही आहे. दरवर्षी १ जूनला ती नव्याने सुरू होते, कारण कोयना धरणाचं तांत्रिक वर्षही १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं. रोज सकाळी चहाच्या आधी तीत आकडे पडतात. कोयनेचा साठा किती टीएमसी (म्हणजे किती अब्ज घनफूट), कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथे किती मिलिमीटर पाऊस, धरणातून विसर्ग किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट), आणि शेवटी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फूट. पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे. इथल्या लहान पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात.

२०१९ च्या ऑगस्टच्या पानावर सगळ्यात मोठा आकडा आहे : ५७ फूट ६ इंच. तो अप्पांनी मिरजेला भाच्याच्या घरी बसून लिहिला. घर सोडताना कपड्यांच्या पिशवीत त्यांनी ही वही घातली होती. आमच्या खालच्या मजल्यावर तेव्हा माणूसभर पाणी होतं.

या वहीत कोयनेचं नाव हजारदा आलं असेल. तरी घरातल्या एकानंही धरण पाहिलं नव्हतं. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, आम्ही ते पाहायला गेलो. अप्पा, सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, अशी सहा माणसं, दोन दिवस, एक गाडी. त्या दोन दिवसांचं हे टिपण आहे. मी ते प्रकरण म्हणून मांडते आहे, कारण कृष्णाकाठच्या पूरग्रस्त गावातलं कुटुंब कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेवरचं धरण पाहायला गेलं की त्याला काय दिसतं, आणि काय डोळ्यांना दिसतच नाही, हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. कराडपासून शिरोळपर्यंत कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत अशी वही आहे, कुठे कागदावर, कुठे मोबाइलमध्ये.

जाण्याआधी

सासूबाईंचा सहलीला विरोध होता. "कशाला बघायचं ते? येती की तीच आपल्या घरात," असं त्या म्हणाल्या आणि विषय संपवला.

त्यांचं कोयनेशी भांडण पुराच्या आधीचं आहे. त्यांचं माहेर कराडजवळचं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. फळीवरची पितळेची भांडी अंगावर आली, आजोबांनी सगळ्यांना ओढत अंगणात आणलं, आणि पुढे कितीतरी दिवस घरचे लोक थंडीत बाहेरच निजत होते, हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्या भूकंपात जवळजवळ १८० माणसं गेली. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे जमीन हलू शकते याचं उदाहरण म्हणून जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ आजही कोयनेकडे पाहतात. आईंना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांच्या माहेरी लोक तेव्हापासून तेच म्हणत आले होते : पाणी अडवलं आणि भुई हलली.

अप्पांची बाजू वेगळी. ते हायस्कूलात गणित शिकवायचे. "ज्याचा हिशेब चाळीस वर्षं ठेवला ते एकदा बघून तरी येऊ," एवढंच ते म्हणाले. शेवटी नातीच्या हट्टामुळे आई तयार झाल्या. त्यांनी भडंगाचा मोठा डबा, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, म्हणजे मन वळलं होतं.

नियोजनात आमची एक चूक झाली आणि ती इतर कुटुंबांचीही होत असणार. धरण पाहायचं म्हणजे भिंतीवरून चालायचं आणि जलाशयात नावेतून फिरायचं, असं मुलांना आम्हीच सांगून ठेवलं होतं. कोयनेच्या भिंतीवर सर्वसामान्यांना सोडत नाहीत. फाटकावरच्या रक्षकानं आम्हाला नम्रपणे परत पाठवलं, फोटो काढू नका असंही सांगितलं. नावेची फेरी हवी असेल तर त्याच शिवसागर जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला, बामणोली किंवा तापोळ्याला जायला हवं, आणि तो रस्ताच वेगळा. धाकटा रडला. त्याचं रडणं रास्त होतं. आधी चौकशी करायला हवी होती ती आम्ही केली नाही.

नेहरू उद्यानातून

भिंत दिसते ती कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून. पाऊस सरल्यावरचे ते दिवस, डोंगर अजून हिरवे, हवेत धुकं नाही. धरण भरलेलं होतं.

पहिली पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. १०३ मीटर उंची आणि ८०० मीटरच्या वर लांबी हे आकडे अप्पांना पाठ होते, पण दोन डोंगरांच्या मध्ये ती करडी भिंत उभी दिसल्यावर ते खिशात हात घालून नुसते पाहत राहिले. १९५४ मध्ये या कामाला सुरुवात झाली. मोठाले दगड काँक्रीटमध्ये बसवत भिंत चढवली गेली. मधोमध सांडव्याचे सहा वक्राकार दरवाजे. बातम्यांत "कोयनेचे सहाही दरवाजे दीड फुटांनी उचलले" असं आम्ही ऐकतो ते हेच. मुलीनं दरवाजे मोजले आणि म्हणाली, "एवढंसंच उचलतात?" दीड फूट तिला फार थोडं वाटलं. तिच्या मनात दरवाजा म्हणजे घराच्या दारासारखा सताड उघडणारा होता.

मग अप्पांनी आईंना भिंतीची जाड बाजू दाखवली. १९६७ च्या धक्क्यानं भिंतीला आडव्या भेगा पडल्या होत्या. त्यानंतर खालच्या अंगाला काँक्रीटचे टेकू देऊन ती बळकट केली, आणि पुढे सांडव्याचा भागही २००६ पर्यंत मजबूत केला. आईंनी विचारलं, "म्हणजे हिलाबी लागलं होतं तर." पंधराव्या वर्षी अंगणात थंडीनं कुडकुडणाऱ्या त्या मुलीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा राग तिथे निवळला असं मी म्हणणार नाही, पण त्या कठड्याजवळच्या बाकावर जाऊन बसल्या आणि डबा उघडला.

त्या दिवशी दरवाजे बंद होते. फक्त पायथ्याच्या वीजगृहातून पाणी नदीत येत होतं. तिथे २० मेगावॅटची दोन जनित्रं आहेत, आणि दोन्ही चालू असली की २१०० क्युसेक पाणी सुटतं. हा आकडा अप्पांच्या वहीत इतक्यांदा आहे की ते आताशा तो पूर्ण लिहीतच नाहीत, नुसतं "पायथा" लिहितात. २१०० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६० हजार लिटर. मुलीनं हिशेब केला, आमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एका सेकंदात साठ वेळा. एवढ्या उंचीवरून ते पाणी पांढऱ्या फेसाच्या एका पट्ट्याएवढं दिसत होतं.

"आणि २०१९ ला किती सोडलं होतं?" तिनं विचारलं.

"लाखाच्या वर," अप्पा म्हणाले.

ती पुन्हा फेसाच्या पट्ट्याकडे बघू लागली. पन्नास असे पट्टे. घरात बसून तिला हा गुणाकार कितीदा सांगून झाला असता, पण ती गप्प झाली ती इथे.

त्या दुपारी नवज्याजवळचा ओझर्डे धबधबाही पाहिला. पायऱ्या चढताना अप्पांना दम लागला म्हणून ते आणि आई खालीच थांबले. धाकट्याचा रुसवा तिथे गेला.

पाणी अडवणं आणि सोडणं

मुक्कामाला आम्ही कोयनानगरच्या बाजूला एका साध्या लॉजमध्ये होतो. लॉजच्या मालकांचं मूळ घर पाण्याखाली गेलेल्या वाड्यांपैकी एकातलं. त्यांची भावकी सोलापूर जिल्ह्यात उठून गेली, काही सांगलीकडे, काही कोकणात. कोयनेचे विस्थापित असे अर्ध्या महाराष्ट्रात विखुरले आणि कित्येकांचं पुनर्वसन पुढच्या पिढीपर्यंत रखडलं, त्यासाठीची आंदोलनं आम्ही वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. ते बोलताना कडवट नव्हते. आईंनी मात्र त्यांना विचारलं, "देवळाचं काय केलं?" देव उचलून नवीन गावठाणात नेले, देऊळ तिथंच राहिलं, असं ते म्हणाले. त्या उत्तरानंतर आई बराच वेळ बोलल्या नाहीत.

जेवणानंतर खरा वाद झाला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं : जुलैअखेर धरण अर्धं रिकामं ठेवलं असतं तर ऑगस्टचा पाऊस त्यात मावला असता आणि आपलं घर बुडालं नसतं. सांगलीत चहाच्या टपरीवर हेच बोललं जातं.

अप्पांनी वही काढली. १ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी पूर्ण एक दिवस वाहिलं की १ टीएमसी होतं, हा त्यांचा आवडता ठोकताळा. म्हणजे धरणात लाख क्युसेक येऊ लागलं तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर भरतं. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी. पन्नास टीएमसी जागा मोकळी ठेवली तरी अशा पावसात ती सहा दिवसांत संपते. "सहा दिवस कमी आहेत का?" नवरा म्हणाला. त्याचं बरोबर होतं, सहा दिवस कमी नाहीत. पण ती पन्नास टीएमसी पुढे भरली नाही, पाऊस ओढला, तर? हे धरण मुळात विजेसाठी बांधलं, शेतीचं पाणी त्याला जोडलं गेलं. पाऊस संपताना ते भरलेलं असावं आणि पाऊस चालू असताना त्यात जागा असावी, या दोन्ही अपेक्षा एकाच भिंतीकडून आहेत. कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं, आणि वाद होतो तो त्या वेळापत्रकावर. शिवाय कृष्णेत एकटी कोयना येत नाही. वारणा आहे, पंचगंगा आहे, धरणांच्या खाली पडणारा पाऊस आहे, ज्याला कुठलीच भिंत अडवत नाही. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अतिवृष्टीकडे आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं होतं. ती अतिक्रमणं आमच्या गावातलीच.

माझं स्वतःचं मत सांगते. धरण चालवणाऱ्यांनी साठ्याचे आणि विसर्गाचे निर्णय आधी आणि सोप्या भाषेत सांगायला हवेत, हा नवऱ्याचा आग्रह मला पटतो. आमच्या घराला २०१९ मध्ये पाण्यानं बसला तेवढाच फटका आधी अंदाज नसल्यानं बसला. पण पूर धरणानं आणला, हे वाक्य मी त्या रात्रीनंतर वापरलेलं नाही.

मुलगी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मग जास्तीचं पाणी कोकणात का नाही सोडत? बोगदा आहे ना?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सांगलीला परतण्याऐवजी आम्ही कुंभार्ली घाट उतरलो.

घाट उतरून

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. पुढे कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिच्या सगळ्या प्रवासात समुद्र पश्चिमेला अगदी जवळ असतो, आणि ती जाते मात्र बंगालच्या उपसागराकडे. अभियंत्यांनी नेमकं हे हेरलं. जलाशयाच्या पश्चिमेला डोंगराची भिंत, आणि तिच्यापलीकडे कोकण जवळजवळ पाचशे मीटर खाली. डोंगराला बोगदा पाडला की पाणी त्या उंचीवरून पडतं. पोफळीचं वीजगृह कातळाच्या पोटात आहे, ६०० मेगावॅटचं. कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं वीजगृहही भूगर्भातच, १००० मेगावॅटचं. ही दोन्ही वीजगृहं वापरून झालेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथे आणखी ३२० मेगावॅट वीज तयार होते, आणि मग ते वाशिष्ठी नदीत जातं. पायथ्याचे ४० धरले की एकूण १९६० मेगावॅट.

मुलीला सगळ्यात आवडलं ते लेक टॅपिंग. चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी बोगदा खालून खणत नेला, शेवटचा कातळ ठेवला, आणि तो सुरुंगानं उडवून पाणी आत घेतलं. धरण रिकामं न करता. १३ मार्च १९९९ ला एकदा आणि २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा. ती घाटातल्या प्रत्येक वळणावर डोंगराकडे बघून विचारत होती, "आत्ता आपल्या खाली असेल का?"

पोफळीत आत जाता येत नाही. दिसतात ते विजेचे मनोरे, वसाहती आणि डोंगरातून कुठेतरी निघून दूर जाणाऱ्या तारा. गाडी बाजूला घेऊन अप्पांनी मागच्या पानावर हिशेब मांडला. कृष्णा पाणी तंट्याच्या बच्छावत लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवायला मुभा दिली. हे पाणी वर्षाच्या ३६५ दिवसांवर सारखं वाटलं तर किती क्युसेक येतं? भागाकार झाला आणि अप्पांनी चष्मा काढला. २१४०. काल नेहरू उद्यानातून पाहिलेला तो फेसाचा पट्टा, जवळजवळ तेवढाच. तसाच एक पट्टा सरासरीनं वर्षभर या डोंगराच्या आतून उलट दिशेनं जातो आणि आपल्या वहीत त्याचा रकानाच नाही.

मग मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. पोफळी आणि चौथा टप्पा दोन्ही पूर्ण क्षमतेनं, म्हणजे १६०० मेगावॅटनं चालले, तर किती पाणी लागेल? उंची आणि शक्ती यांवरून अप्पांचा ढोबळ हिशेब तेरा-चौदा हजार क्युसेकवर आला. म्हणजे दिवसाला सव्वा टीएमसीच्या आतबाहेर. पुराच्या दिवसात येणारं पाणी साडेआठ टीएमसी. बोगदे पाण्याला वाट देण्यासाठी नाहीत, वीज करण्यासाठी बेतलेले आहेत. दुसरी अडचण आम्हाला तासाभरानं कळली.

चिपळूणची रेघ

चिपळूणला बाजारपेठेजवळ एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, तपकिरी रंगाची एक रेघ होती. वर रंग लावलेला, तरी रेघ मुद्दाम ठेवलेली. आईंनी ती बघितली आणि वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "पुराची का ओ?"

"एकवीसची. बावीस जुलै." त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या?"

"सांगलीच्या."

एवढ्यावर त्या हातातलं भांडं ठेवून आमच्या टेबलाशी बसल्या. दोघी पाऊण तास बोलल्या. पाणी किती वाजता आलं, आधी गटारातून आलं की रस्त्यावरून, फ्रीज तरंगतो हे खरं कसं वाटलं नव्हतं, चिखलाचा वास किती महिने राहिला, गहू फेकताना काय वाटलं. आईंनी २०१९ चं हे सगळं आम्हा कोणाला इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच घरात होते, तरी मला अर्धं नवीन होतं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्यांनी पदरात बांधून नेला होता हे मला तिथे कळलं.

मग त्या बाई म्हणाल्या, "इथे लोक म्हणतात, वरून कोयनेचं पाणी सोडलं म्हणून बुडालो. तुमच्याकडे सोडलं असतं तर काय झालं असतं?"

आई हसल्या नाहीत. "आमच्याकडं म्हणत्यात, तुमच्याकडं सोडाय पायजे हुतं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. धरणाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या, दोघींच्या भिंतींवर एकेक रेघ.

चिपळूणच्या पुराला वाशिष्ठीच्या खोऱ्यात एका रात्रीत कोसळलेला पाऊस होता, खाडीची भरती होती, गाळानं भरलेलं पात्र होतं. कोळकेवाडीतून किती पाणी केव्हा सुटलं हा वाद तिथे आजही आहे. त्या वादात मी पडणार नाही. पण सांगलीत पाऊस धो-धो असतो तेव्हा घाटाखाली बहुतेक वेळा त्याहून जास्त असतो, आणि वाशिष्ठी आधीच काठोकाठ असते. मुलीनं आदल्या रात्री विचारलेल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर त्या भिंतीवर होतं. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

निघताना त्या बाईंनी आईंना कोकमाची बाटली दिली. आईंनी उरलेला भडंगाचा डबा डब्यासकट दिला. माझ्या लग्नात आलेला स्टीलचा डबा होता तो.

त्यानंतर

परतीचा रस्ता पाटणवरून. मुळगावच्या पुलाजवळ नवऱ्यानं स्वतःहून गाडी थांबवली. कोयनेचे दरवाजे उचलले की पाण्याखाली जाणारा पूल म्हणून हे नाव आम्ही दर पावसाळ्यात ऐकतो. नदी शांत होती, काठावर म्हशी होत्या. धाकट्यानं दगड टाकला. कोणी फारसं बोललं नाही.

धरण पाहायला जाणाऱ्यांना मी आता एवढंच सुचवते की भिंत पाहून परत फिरू नका. कोयनेला निघालात तर एक दिवस जास्त ठेवा, घाट उतरा, पाणी जिथे बाहेर पडतं तिथपर्यंत जा. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. बरोबर वयस्क माणसं असतील तर त्यांना वाटेतल्या माणसांशी बोलायला वेळ द्या. आमच्या सहलीत सर्वांत मोलाचं जे घडलं ते पाहण्याच्या यादीत नव्हतं.

पुढच्या १ जूनला अप्पांनी नवी वही आणली. रकाने आखताना विसर्गाच्या रकान्याला मध्ये उभी रेघ मारून दोन केले, "पूर्व" आणि "पश्चिम". पश्चिमेचा आकडा रोज मिळत नाही, म्हणून तो बरेचदा कोरा असतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा आईंनी दरवर्षीप्रमाणे गव्हाचे आणि डाळींचे डबे माळ्यावर चढवायला घेतले. मी खालून एकेक डबा देत होते. शेवटचा डबा घेताना त्यांनी विचारलं, "चिपळूणला कसा आहे गं पाऊस?"